खाडीतला गाळ मेटल टेस्टसाठी कसा घ्यायचा

ओहोटी पूर्ण लागली की जा आणि स्टीलचा चमचा घरीच ठेवा, प्लास्टिकचाच घ्या, नाहीतर चमच्यातलं क्रोमियम-निकेल रिपोर्टमध्ये येऊ शकतं. ठाणे खाडीत एकटे उतरू नका, पाय रुततो.

प्लास्टिक पाईप सरळ खाली दाबून गाळाचा उभा तुकडा काढा आणि नीट बघा, वर पातळ तपकिरी थर, खाली काळा, सडक्या अंड्यासारखा वास. खरी गंमत इथेच आहे. वर लोह-मँगनीजचे ऑक्साइड शिसं, तांबं, जस्त धरून ठेवतात, खाली ऑक्सिजन नाही म्हणून तेच मेटल सल्फाइडमध्ये अडकतात, आणि ड्रेजिंगने (म्हणजे यंत्राने तळातला गाळ उपसण्याने) काळा गाळ ढवळला गेला की ते परत पाण्यात सुटू शकतात. म्हणून दोन्ही थर वेगळ्या पिशव्यांत भरा, मिसळू नका प्लीज, सगळी माहितीच जाते.

मेटल बारीक कणांना जास्त चिकटतात, त्यामुळे लॅबला 63 मायक्रॉनच्या नायलॉन चाळणीतून चाळायला आणि ॲल्युमिनियमपण मोजायला सांगा (त्यावरून बारीक माती किती ते कळतं), नाहीतर वाळूची जागा उगाच स्वच्छ दिसते. पारा बघायचा असेल तर सॅम्पल गरम ओव्हनमध्ये वाळवायचं नाही, पारा उडून जातो. पिशव्या बर्फात ठेवा, लवकरात लवकर पोचवा.