उठत्या बाजारात जाण्याआधी

बाजार उठायच्या तासाभर आधी वाटे लागायला सुरुवात होते. शेतकरी आठवडे बाजार असो की मंडईबाहेरची गल्ली, माल परत गावी नेण्याचं भाडं परवडत नाही, म्हणून सकाळचा भाव अर्ध्यावर येतो आणि टोमॅटोचा अख्खा क्रेट घ्या म्हणून आग्रह सुरू होतो. या खरेदीला मी सगळ्यांना पाठवते, पण तयारीनिशी. पिशव्या आणि सुट्टे पैसे घ्या, हे सांगायला नको.

पहिली गोष्ट वाटेकरी. घरातून निघायच्या आधी वाटेकरी ठरलेले हवेत. टोमॅटोचा क्रेट साधारण वीस किलोचा. चार माणसांच्या घरात आठवड्याला दोन-तीन किलो संपतात, म्हणजे उरलेल्याचं काय करायचं ते क्रेट उचलण्याआधी माहीत पाहिजे. गेल्या वेळी मी क्रेट आधी आणला आणि वाटेकरी नंतर शोधले. शेजारच्या काकू गावाला गेलेल्या, वरच्या मजल्यावर त्याच दिवशी टोमॅटो आलेले, आणि तळच्या थराला पाणी सुटलं. सोसायटीच्या ग्रुपवर ‘कुणाला हवेत का?’ असं टाकणं म्हणजे वाटेकरी ठरवणं नव्हे. त्या मेसेजखाली आलेला अंगठा म्हणजेही होकार नव्हे. फोन करा. किती किलो, आणि आज रात्री घरी आहात का, एवढे दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहा. वाटेकरी नसतील तर क्रेटकडे बघूही नका, दोन किलोचा वाटा घ्या आणि घरी या.

दिवस कोणता, तेही बघा. पुण्यात मार्केट यार्डाच्या भाजी विभागाला शनिवारी सुट्टी असते आणि रविवारी आवक सगळ्यात मोठी येते, त्यामुळे रविवारी माल उरण्याची शक्यता जास्त. हंगामही ओळखा. मटार आणि गाजर थंडीत स्वस्त होतात. टोमॅटोचं सांगता येत नाही: तोडा एकदम येतो, माल टिकत नाही, आणि चार दिवसांत भाव कोसळतो. २०२३ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले आणि जुलैत तेच टोमॅटो शंभरी पार गेले.

म्हणून एक विनंती. वाट्याचा भाव आधीच पडलेला असतो, तिथे आणखी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून, हमाली-तोलाई-भाडं वजा जाता एका शेतकऱ्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला होता. समोर स्वतः पिकवणारा बसला असेल तर तो म्हणेल तो भाव द्या. आपली बचत त्यातही भरपूर होते.

निघण्याआधी फ्रीजचा एक कप्पा रिकामा करा आणि गॅस संपत आलेला नाही ना ते बघा. रात्री दोन तास मोकळे ठेवा. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी असेल तर जाऊच नका.

तिथे पोचल्यावर वाटा हाताने उलटून बघा. वरचे चार चांगले असतात, खालचे बघायचे असतात. पालेभाजीवर दिवसभर पाणी मारलेलं असतं, ती जुडी मधून दाबून बघा, आत चिकट लागली तर सोडा. हिरवट पडलेला बटाटा फुकट दिला तरी नको, तो विषारी असतो. बुरशीचा वास येणाऱ्या भुईमुगाच्या शेंगा तर अजिबात नकोत, भाजूनही त्यातलं विष जात नाही. भोपळा, कोबी, सुरण बिनधास्त घ्या. आणि क्रेटला हात लावायच्या आधी पुन्हा एकदा कागद काढा: वाटेकरी किती, किलो किती? एखाद्याचा फोन लागत नसेल तर त्याचे किलो वजा करा. ‘घेतील कुणीतरी’ हा हिशेब चालत नाही.

घरी आल्यावर आधी वाटेकऱ्यांचा माल त्याच रात्री त्यांच्या दारात. सकाळी नाही. मग आपला निवडा. टणक टोमॅटो बाहेर पसरून, पिकलेले फ्रीजमध्ये, फुटलेल्यांचा बरा भाग लगेच शिजवून गाळून फ्रीजरमध्ये. सडका किंवा बुरशी आलेला एकही ठेवू नका, तो शेजारच्यांनाही घेऊन जातो. कोथिंबीर न धुता कागदात गुंडाळा. मटार सोलून दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, निथळून फ्रीजरमध्ये. मेथी रात्रीच निवडा. कांदे-बटाटे एकत्र ठेवू नका.

दुकानातल्या तारीख जवळ आलेल्या पाकिटांचं थोडक्यात. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोवर चव आणि दर्जा उत्तम. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ उलटली की खायचं नाही. छोट्या अक्षरातली तारीख स्वतः वाचा, शेल्फवरच्या पाटीवर जाऊ नका. रवा आणला तर भाजून ठेवा. पनीर त्याच दिवशी संपणार असेल तरच. ब्रेडवर एक ठिपका दिसला तरी अख्खा पुडा टाकायचा. एकावर एक मोफत मिळालेलं दुसरं पाकीट कुणाकडे जाणार, तेही पैसे देण्याआधी ठरवा.

साली-देठं खताच्या डब्यात. क्रेट भाजीवाल्याचा असेल तर दुसऱ्या दिवशी धुऊन परत.