पुरुषांनी उंच टाचेचे बूट रोजच्या वापरात कसे घालावेत: साताऱ्याच्या उतारांवर शिकलेली रीत

सातारा शहरात सपाट रस्ता शोधावा लागतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडून राजपथाकडे येणाऱ्या गल्ल्या उतरत्या आहेत, राजपथावरून खालच्या रस्त्याकडे जाणारे बोळही उतरतेच आहेत, आणि समर्थ मंदिराकडून राजवाड्यापर्यंत चालत येणाऱ्या माणसाचे गुडघे सतत शरीराला आवर घालत असतात. या गावात मी गेली नऊ वर्षे उंच टाचेचे बूट घालून कामावर जातो, बाजार करतो, लग्नकार्याला हजर राहतो. त्या अनुभवावरून सांगतो की, अशा बुटांत चालण्याविषयी पुरुषांना जे सल्ले मिळतात त्यांतले बहुतेक गुळगुळीत फरशीवर, आरशासमोर चार फेऱ्या मारून तयार झालेले असतात. पाय मुरगळतो तो उतारावर, आणि उताराविषयी कोणी काही सांगत नाही. म्हणून या लेखात बाकीचे टप्पे मी थोडक्यात उरकणार आहे आणि उतारावर थांबणार आहे.

पायाच्या टाचेला मी टाच म्हणतो आणि बुटाच्या टाचेला हील म्हणतो, नाहीतर पुढच्या वाक्यांत गोंधळ होईल.

बूट

हीलची उंची बाहेरून, मागच्या बाजूने मोजलेली असते. पायाला जाणवणारी उंची मात्र तीतून चवड्याखालच्या सोलची जाडी वजा केल्यावर उरते. हील साडेसात सेंटीमीटरचे असेल आणि चवड्याखाली दीड सेंटीमीटरचा सोल असेल, तर टाच चवड्यापेक्षा सहा सेंटीमीटरच उचललेली राहते. शिवाय पाऊल जितके लांब, तितका त्याच हीलचा कल सौम्य पडतो, त्यामुळे नऊ नंबरच्या पायाला जे हील सोसते ते पाच नंबरच्या पायाला कडक वाटते. पहिली जोडी चार सेंटीमीटरच्या आसपासची, रुंद आणि चौकोनी हीलची घ्यावी. क्यूबन हील म्हणतात ते याच जातीचे असते आणि पुरुषांच्या बुटांत ते सहज मिळते. रोजच्या चालण्यासाठी साडेसात सेंटीमीटरच्या वर जाऊ नये असे माझे ठाम मत आहे. पेन्सिलीसारख्या बारीक हीलचे बूट सभागृहात घालावेत, पेव्हर ब्लॉकच्या फटींत आणि गटाराच्या जाळ्यांत ते अडकतात.

बायकांच्या मापाचा मोठ्यात मोठा नंबर घेऊन भागवण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो बूट बहुतेक वेळा चवड्याशी आवळतो, कारण त्याचा फरमा, म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पावलाच्या आकाराचा साचा, अरुंद असतो, आणि मग माणूस आणखी मोठा नंबर घेतो व टाच मागे सैल पडते. पुरुषांच्या फरम्यावरचा बूट घ्यावा किंवा मापाचा करून घ्यावा. करून घेताना हील किती उंच हवे ते कारागिराला आधी सांगावे, कारण फरमा त्या उंचीचाच लागतो. घरातल्या सपाट बुटाला खालून जास्तीचे हील ठोकून घेण्याचा उद्योग मी एकदा केला आहे. तीन सेंटीमीटर वाढवले, तर मधला सोल वाकून करकरू लागला आणि सारे वजन बोटांवर आले. तयार बुटात अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक करू नये.

विकत घेण्यापूर्वी बूट टेबलावर ठेवून त्याच्या मधल्या कमानीवर अंगठ्याने जोर देऊन पाहावा. कमान दबली, तर आत पोलादी पट्टी नाही किंवा कमजोर आहे, आणि तो बूट घेऊ नये. चेन आणि लेस दोन्ही असलेला, घोटा झाकणारा बूट सर्वांत उत्तम: आपल्याकडे प्रत्येक दारात पादत्राणे काढावी लागतात, तेव्हा चेन उपयोगी पडते, आणि लेस कशासाठी हवी ते उताराच्या भागात सांगतो. पँटची उंची शिंप्याकडे हाच बूट घालून द्यावी.

पहिला आठवडा

आमच्या घरात बूट घालून फिरणे आईला चालणार नव्हते, म्हणून मी गच्चीवर सराव केला, आणि आता वाटते की तेच बरे झाले, कारण शहाबादी फरशीचा खडबडीतपणा घरातल्या टाइल्सपेक्षा रस्त्याच्या जवळचा असतो. रोज वीस मिनिटे पुरतात. पावले नेहमीपेक्षा लहान ठेवावीत, दोन पायांत नेहमीइतकेच अंतर ठेवावे आणि नजर दहा-बारा फूट पुढे ठेवावी. एका रेषेत पाऊल टाकून चालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मनावर घेऊ नये. त्या चालीत आधाराची रुंदी नाहीशी होते आणि घोटा बाहेरच्या बाजूला कलंडायला मोकळा होतो.

उतार

चढावर उंच हील त्रास देत नाही, उलट मदत करते. रस्ता पुढे उचललेला असतो, हील पाऊल मागून उचलते, आणि दोन्हींचा कल एकमेकांना खाऊन टाकतो. उतारावर हेच दोन कल एकत्र येतात. दर दहा फुटांना एक फूट उतरणारा रस्ता पावलाच्या कलात जवळजवळ सहा अंशांची भर घालतो, म्हणजे बूट दोन इंचांचा असला तरी पायाला तो तीन इंचांच्या जवळपास वाटू लागतो. पाय बुटात पुढे घसरतो, बोटे टोकाशी दाबली जातात, आणि ती वेदना टाळण्यासाठी माणूस नकळत मागे रेलतो. मागे रेलले की सारे वजन हीलच्या मागच्या कडेवर येते, आणि हीलचा जमिनीला टेकणारा भाग काही बोटांच्या रुंदीचाच असतो.

यात घोट्याची रचनाही आपल्या विरुद्ध असते, ती समजून घ्यावी. नडगीच्या हाडांच्या खोबणीत जे हाड बसते त्याला टॅलस म्हणतात, आणि ते पुढे रुंद व मागे अरुंद असते. पाऊल सपाट असताना त्याचा रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. बोटे खाली झुकली की मागचा अरुंद भाग खोबणीत येतो आणि घोट्याला दोन्ही बाजूंना हलायला जागा मिळते. म्हणजे उंच हीलमध्ये घोटा आधीच थोडा सैल असतो, आणि उतारावर तो आणखी सैल होतो.

हे मला पाय मुरगळल्यावर कळले. पहिल्या वर्षी उतार जमेना, तेव्हा गडकोट फिरणाऱ्या एका मित्राने सल्ला दिला की गड उतरतात तसे तिरके, नागमोडी उतरावे. ट्रेकिंगच्या सपाट बुटात तो सल्ला बरोबर आहे. मी समर्थ मंदिराकडून राजवाड्याकडे येताना तो उंच हीलवर वापरला. तिरके चालताना खालच्या बाजूचे पाऊल बाहेरच्या कडेवर कलते. माझा उजवा पाय खाली होता, हील खडीवर आले, घोटा बाहेर वळला, आणि बाहेरच्या बाजूला काहीतरी ताणून सुटल्याचे मला स्पष्ट जाणवले. रात्रीपर्यंत घोटा लिंबाएवढा सुजला आणि तीन आठवडे मी सपाट चपलेतही लंगडत होतो. त्यामुळे हा सल्ला कोणीही, कितीही अनुभवाने दिला, तरी उंच हीलवर तिरके उतरू नये. याच कारणासाठी रस्त्याच्या अगदी कडेनेही उतरू नये, कारण आपल्या रस्त्यांची कडा गटाराकडे झुकलेली असते आणि तिथे एक पाय सतत बाहेर कलता राहतो.

मग उतरावे कसे, तर सुरुवात उताराच्या आधी, लेसपासून करावी. बसून पाय बुटात घालावा, हील जमिनीवर दोनदा आपटून टाच मागे पक्की बसवावी, आणि मग लेस ओढावी. पाऊल जिथे नडगीला मिळते त्या वळणावर लेसचा वेढा एकदाऐवजी दोनदा घेऊन आवळावा, त्याच्या खालची लेस थोडी सैल ठेवली तरी चालते. पाय पुढे घसरण्यापासून ही एक आवळणीच थांबवते. बोटांपुढे कापूस भरणे किंवा अर्धा नंबर लहान घेणे हे उपाय घसरण थांबवत नाहीत, बोटांना चिरडतात. माझ्या डाव्या अंगठ्याचे नख अशा लहान बुटाने काळे पडले होते आणि ते पूर्ण वाढून निघायला वर्ष लागले. चवड्याखाली खरखरीत चामड्याची पातळ तळपट्टी चिकटवून घेतली तर उत्तम, आणि मोजे सुती असावेत, नायलॉनचे मोजे आत घसरतात.

उतार सुरू झाला की पाऊल निम्मे करावे. पायाचा अंगठा सरळ उताराच्या दिशेने किंवा किंचित बाहेर ठेवावा. गुडघा कधीही ताठ करू नये, तो थोडा वाकलेला राहिला तर धक्का मांडी झेलते, घोट्याला झेलावा लागत नाही. सपाट रस्त्यावर आधी हील टेकते आणि मग चवडा, पण उतारावर ही रीत सोडून द्यावी: हील आणि चवडा जवळजवळ एकाच वेळी टेकतील असे पाऊल शरीराच्या खाली, फार पुढे न नेता ठेवावे. आवाजावरून चूक कळते. टक आणि थप असे दोन वेगळे आवाज येत असतील तर पाऊल लांब पडते आहे, दोन्ही मिळून एकच जाड आवाज आला की बरोबर पडले. मी आजही चढउताराच्या नव्या गल्लीत गेलो की पहिली वीस पावले कान देऊन चालतो. धड कमरेवर सरळ ठेवावे. मागे रेलण्याची इच्छा होईल, तेव्हा रेलण्याऐवजी गुडघे आणखी थोडे वाकवावेत.

हा सराव सौम्य उताराच्या, मोकळ्या रस्त्यावर, सकाळी गर्दी होण्यापूर्वी करावा. एकाच उतारावर वर-खाली दहा फेऱ्या, असे दोन आठवडे केल्याशिवाय तीव्र उताराच्या वाट्याला जाऊ नये. मी जाऊन भोगले आहे.

जिना उतरताना कठड्यावर हात ठेवावा आणि पूर्ण पाऊल, हीलसकट, पायरीवर बसेल असे ठेवावे. पायरी अरुंद असेल तर पाऊल थोडे आडवे करावे.

लोकांची नजर

नजरेचा विषय इथे येतो, कारण तिचा चालण्याशी थेट संबंध आहे. कोणी पाहते आहे असे वाटले की माणूस वेग वाढवतो, वेग वाढला की पाऊल लांबते, आणि उतारावर लांब पाऊल म्हणजे पाय मुरगळण्याची तयारी. सुरुवातीच्या दिवसांत पोवई नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर एका काकांनी मला थांबवून विचारले, “काय रे, बायकांच्या सँडली घालून कुठं निघालास?” त्यांना मी शांतपणे सांगितले की, “काका, उंच हील मूळचे घोडेस्वारांचे. इराणी स्वार रिकिबीत पाय पक्का राहावा म्हणून ते घालत. सतराव्या शतकात युरोपातल्या दरबारी पुरुषांनी ते उचलले, आणि फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल हीलचे जोडे घालत असे.” काकांनी बूट नीट पाहिले, “बरं, पण पाय नको मोडून घेऊस” असे म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते, कारण त्या स्वारांना हीलवरून उतार चालायचा नव्हता, आपल्याला चालायचा आहे. थट्टा करणाऱ्याशी चालता चालता बोलू नये. थांबावे, दोन्ही पाय टेकवावेत, उत्तर द्यावे आणि मग पहिल्याच वेगाने पुढे निघावे.

वाहन, पाऊस आणि पोटऱ्या

मोटरसायकलवर आणि गाडीच्या ब्रेकवर उंच हील नको. ते फूटरेस्टला किंवा गाडीतल्या मॅटला अडकते, म्हणून सपाट जोडी डिकीत ठेवावी. पावसाळ्यात शेवाळलेली फरशी दिसली की बूट बदलावेत, यात कमीपणा नाही. सोलला रबराचा पातळ थर जूनपूर्वी लावून घ्यावा.

पोटऱ्यांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. वर्षानुवर्षे रोज उंच हील घातल्यास पोटरीचे स्नायू आखूड होतात, आणि मग अनवाणी चालतानाही टाच दुखते. मी आठवड्यातून तीनच दिवस हे बूट घालतो. घरी आल्यावर भिंतीला हात लावून, एक पाय मागे, टाच जमिनीला टेकवून अर्धा मिनिट ताण देतो, आधी मागचा गुडघा सरळ ठेवून आणि मग तोच वाकवून, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत आणि आतला स्नायू गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही. पायांना मुंग्या येत असतील, मधुमेह असेल किंवा घोटा पूर्वी मुरगळलेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

हीलची टोपी

दर दोन-तीन महिन्यांनी बूट उलटा करून हीलच्या रबरी टोपीकडे पाहावे. चप्पल दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या माझ्या ओळखीच्या कारागिरांनी एकदा माझा उजवा बूट हातात घेतला, टोपीच्या मागच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बोट फिरवले आणि म्हणाले, “साहेब, हा पाय अजून बाहेर पडतोय.” तो कोपरा खरोखरच नखाच्या जाडीएवढा झिजून तिरका झाला होता, आणि मुरगळलेला पाय तोच होता. टोपी अशी एका बाजूला झिजली की प्रत्येक पाऊल थोडे त्याच बाजूला कलते आणि झीज आणखी वाढते. म्हणून एकाच बुटाची टोपी झिजली असली तरी दोन्ही बुटांच्या टोप्या एकाच वेळी बदलून घ्याव्यात, म्हणजे दोन्ही पाय एका उंचीवर राहतात. नवी टोपी बसवल्यावर पहिला दिवस पुन्हा सौम्य उतारावर चालून, आवाज एकच येतो का, ते पाहावे.