म्हाताऱ्या बंदूकबाजाचा वेस्टर्न चित्रपट कसा पाहावा

वेस्टर्न चित्रपट पाहताना आपले लक्ष साहजिकच शेवटच्या गोळीबाराकडे लागलेले असते आणि त्याआधीचा तासभर आपण तो गोळीबार कधी येतो याची वाट पाहण्यात घालवतो. नायक तरुण असेल तर हे चालून जाते. पण नायक थकलेला आणि नावाला कंटाळलेला बंदूकबाज असेल, तर हीच सवय आडवी येते, कारण हा माणूस आता फार दिवस जगत नाही हे पहिल्या काही मिनिटांतच आपल्याला कळून चुकलेले असते. कोण जिंकणार हा प्रश्न तिथे उरतच नाही. तो मरताना जवळ एखादे पोर उभे असते आणि ते पोर त्या मरणातून काय उचलणार, हा खरा प्रश्न असतो. माझ्या मते या प्रकारातले चांगले चित्रपट याच एका प्रश्नाभोवती रचलेले आहेत आणि ते पाहण्याची रीतही त्यावरूनच ठरते. पुढे शेवट सांगितलेले आहेत. ते आधी कळल्याने या चित्रपटांचे काही बिघडत नाही.

सुरुवात तीन चित्रपटांनी करावी आणि ते काळाच्या क्रमानेच पाहावेत: हेन्री किंगचा ‘द गनफायटर’ (1950), सॅम पेकिन्पाचा ‘राइड द हाय कंट्री’ (1962) आणि डॉन सीगलचा ‘द शूटिस्ट’ (1976). तिन्ही दीड तासाच्या आसपासचे आहेत. एका बैठकीत एकच पाहावा. संवाद जुन्या धाटणीचे आणि पुटपुटल्यासारखे असल्याने इंग्रजी चांगले समजत असले तरी उपशीर्षके चालू ठेवावीत. टीव्हीवर चित्र ताणून किंवा कापून पडदा भरण्याची सोय असते, ती मात्र आठवणीने बंद करावी. ‘द गनफायटर’ जवळजवळ चौकोनी चौकटीत आहे आणि ‘राइड द हाय कंट्री’ अतिशय रुंद चौकटीत. दुसऱ्या चित्रपटाची कड कापली गेली, तर त्याच्या शेवटच्या दृश्याचा अर्थच कापला जातो.

‘द गनफायटर’मधला जिमी रिंगो खरे तर म्हातारा नाही. ग्रेगरी पेक तेव्हा पस्तिशीच्या आतला होता आणि रिंगोही स्वतःचे वय पस्तीसच सांगतो. तरीही त्याला म्हातारा समजूनच चित्रपट पाहावा, कारण या धंद्यातले वय वर्षांत मोजत नाहीत. खऱ्या आयुष्यातला नावाजलेला बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक 1876 मध्ये डेडवुड गावी पत्ते खेळत असताना पाठीमागून आलेल्या गोळीने मेला, तेव्हा तो चाळिशीलाही पोचला नव्हता. तसाच दुसरा बंदूकबाज जॉन वेस्ली हार्डिन तुरुंगातून सुटून वकील झाला आणि 1895 मध्ये एल पासोच्या गुत्त्यात मारला गेला, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. रिंगो केयेन नावाच्या गावातल्या गुत्त्यात येऊन बसतो, तो या हिशेबाने आयुष्याच्या टोकाला आलेला माणूस आहे. पेकच्या ओठांवरची जाड, खाली उतरलेली मिशी पाहा. स्टुडिओला ती पसंत नव्हती. पण तिच्यामुळेच देखण्या नटाचा चेहरा मळका आणि थकलेला दिसतो आणि तो जुन्या छायाचित्रातून उठून आल्यासारखा वाटतो.

या चित्रपटात पाहण्याची पहिली वस्तू म्हणजे गुत्त्यातले घड्याळ. रिंगोच्या मागावर तीन भाऊ निघालेले आहेत. त्यांच्या धाकट्या भावाने उगाच कुरापत काढली आणि रिंगोच्या हातून तो मेला. ते येऊन पोचण्याआधी रिंगोला आपली बायको आणि कधीच नीट न भेटलेला मुलगा यांची गाठ घ्यायची आहे. कॅमेरा मधूनमधून घड्याळाकडे जातो, पण तेवढ्यावर थांबू नका. घड्याळाकडे पाहिल्यानंतर रिंगो काय करतो ते पाहा. तो बहुतेक वेळा काहीच करत नाही, बसून राहतो. बंदूकबाजाने नुसते बसून राहणे हीच इथली मुख्य घटना आहे आणि 1950 च्या प्रेक्षकाला ती नवी होती. वयाविषयी बोलण्याच्या ओघात तो म्हणतो, की पस्तीस वर्षांचा झालो तरी माझ्याकडे एक धड घड्याळसुद्धा नाही. हे वाक्य गमतीत निघून जाते, म्हणून कान देऊन ऐकावे. इतक्या वर्षांत त्याची मिळकत काय झाली, याचा पुरा जमाखर्च त्यात आला.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे गुत्त्याच्या काचा. शाळा सोडून आलेली पोरे दारात वरात आल्यासारखी तिथे गोळा होतात आणि नाक काचेला लावून आत डोकावतात. त्याच गर्दीत रिंगोचा स्वतःचा मुलगाही आहे आणि आत बसलेला माणूस आपला बाप आहे हे त्याला ठाऊक नाही. दिग्दर्शक या गोष्टीवर फार वेळ घालवत नाही. आपणच ती लक्षात ठेवायची.

मग शेवट. हंट ब्रॉम्ली नावाचा गावातला एक उथळ तरुण रिंगोवर पाठीमागून गोळी झाडतो. मरता मरता रिंगो मार्शलला, म्हणजे गावच्या पोलीस अधिकाऱ्याला, सांगतो, की पिस्तूल आधी मीच काढले. पहिल्या वेळी हे औदार्य वाटते. पुढची वाक्ये ऐकल्यावर लक्षात येते, की हा शाप आहे. ब्रॉम्लीला फाशी झाली तर तो एका दिवसात सुटेल. त्याऐवजी ‘रिंगोला मारणारा’ हे नाव त्याच्या गळ्यात अडकवून रिंगो त्याला जिवंत सोडतो, म्हणजे यापुढे प्रत्येक गावातले प्रत्येक उनाड कार्टे त्याच्या मागे लागेल. बंदूक पुढच्या पिढीकडे जाते ती अशी, शिक्षा म्हणून. या क्षणी कॅमेरा ब्रॉम्लीच्या चेहऱ्यावर असेल तेव्हा रिंगोसाठी हळहळणे थोडे बाजूला ठेवून त्या पोराचा चेहरा वाचावा.

‘राइड द हाय कंट्री’ पाहताना नजर शरीरावर ठेवावी. जोएल मॅक्क्रीचा स्टीव्ह जड हा एकेकाळचा नावाजलेला मार्शल आहे. गावात शिरताना रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे दिसतात, तेव्हा त्याला वाटते की हा जयघोष आपल्यासाठी आहे आणि तो अदबीने मान लववतो. प्रत्यक्षात तिथे उंट आणि घोडा यांची शर्यत चाललेली असते आणि गणवेशातला पोलीस त्याला म्हातारबा, बाजूला व्हा, अशा थाटात हाकलतो. ही थट्टा पाहून हसू येते आणि ते यावेच. पुढे तो बँकेत काम मागायला जातो. खाणीवरचे सोने खाली आणून द्यायचे काम आहे. त्याच्या कोटाच्या बाह्यांची टोके झिजून धागे निघालेली आहेत आणि करारपत्र वाचायचे म्हटल्यावर तो ते घेऊन एकांतात जातो, दार लावतो आणि मग खिशातून चष्मा काढतो. या दृश्यात एकही गोळी सुटत नाही, पण सगळ्या चित्रपटात इतका उघडा पडलेला तो पुन्हा दिसत नाही. ज्याची सारी कमाई डोळा आणि हात यांवर होती, त्याला आपले डोळे गेले हे लपवावे लागते आहे.

त्याचा जुना सोबती गिल वेस्ट्रम, म्हणजे रॅन्डॉल्फ स्कॉट, जत्रेत खोटी दाढी आणि केसांचा टोप लावून नेमबाजीचे खेळ करतो आणि त्यातही लबाडी करतो. दोघांना समोरासमोर ठेवून पाहा. एकाने आपले नाव जपले म्हणून तो दरिद्री राहिला, दुसऱ्याने ते विकायला काढले. गिलला ते सोने चोरायचे आहे आणि स्टीव्हला ते पोचवायचे आहे, यात नवल नाही. नवल आहे ते बोलण्याच्या सुरात: हे दोघे भांडतानाही एकमेकांच्या तरुणपणाविषयी बोलत असतात. त्यांच्या सोबत हेक नावाचा एक पोरगा आहे आणि त्याने कोणत्या म्हाताऱ्याचे ऐकावे हा इथला झगडा आहे. प्रत्येक मोठ्या प्रसंगानंतर हेक कोणाकडे पाहतो ते टिपत गेलात, तर चित्रपटाची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

शेवटी दोघे म्हातारे लपून न बसता उघड्यावर चालत येतात आणि वाटेत सोबत आलेल्या एल्सा नावाच्या मुलीच्या मागे लागलेल्या हॅमंड भावांना सामोरे जातात. स्टीव्हला गोळ्या लागतात. हेक आणि एल्सा या पोरांनी हे पाहू नये, असे तो गिलला सांगतो आणि सोने आपण पोचवू, तू पोचवले असतेस तसेच, असे गिल म्हणतो तेव्हा ते मला ठाऊकच होते, तू मध्यंतरी विसरला होतास एवढेच, अशा अर्थाचे उत्तर देतो. मग गिल निघून जातो आणि स्टीव्ह एकटा उरतो. इथे आवाज कमी करू नका आणि फोनकडे पाहू नका. कॅमेरा जमिनीलगत आहे, स्टीव्ह चौकटीच्या खालच्या भागात आहे, मागे डोंगर. तो एकदा वळून त्या डोंगरांकडे पाहतो आणि हळूच खाली कलत चौकटीबाहेर जातो. रुंद चित्रात डोंगर तेवढे राहतात. तो मरताना त्याचा चेहरा दाखवायचा नाही, हे पेकिन्पाने ठरवलेले आहे. ज्या दिग्दर्शकाचे नाव पुढे रक्तपातासाठी गाजले, त्याने इथे राखलेला हा संयम मला त्याच्या नंतरच्या बहुतेक गोळीबारांपेक्षा मोठा वाटतो. रॅन्डॉल्फ स्कॉटचा हा शेवटचा चित्रपट ठरला, हेही ठाऊक असलेले बरे.

तिसऱ्या चित्रपटाला थोडी पूर्वतयारी लागते. ‘द शूटिस्ट’च्या सुरुवातीला नायक जे. बी. बुक्सचा पूर्वेतिहास म्हणून जॉन वेनच्याच जुन्या चित्रपटांतले तुकडे दाखवले आहेत. ‘रेड रिव्हर’ (1948) किंवा ‘रिओ ब्राव्हो’ (1959) यांपैकी एखादा आधी पाहिला असेल, तर त्या दोन मिनिटांत वेनची कारकीर्द डोळ्यांपुढून जाते. नसेल पाहिला तर ते नुसते तुकडे राहतात. गोष्ट जानेवारी 1901 मधली, कार्सन सिटीतली. बुक्सच्या हातातल्या वर्तमानपत्रात राणी व्हिक्टोरियाच्या निधनाची बातमी आहे. बुक्सला कर्करोग झाला आहे आणि जेम्स स्टुअर्टने केलेला डॉक्टर त्याला पुढच्या वेदनांचे वर्णन आडपडदा न ठेवता सांगतो, अफूच्या अर्काची बाटली देतो आणि जाता जाता सुचवतो, की तुझ्याइतके धैर्य माझ्यात असते तर मी असे मरण पत्करले नसते. वेनचे एक फुफ्फुस 1964 मध्ये कर्करोगामुळे काढलेले होते. चित्रीकरणाच्या वेळी तो आपल्या मृत्यूशय्येवरूनच काम करत होता असे सांगण्याची अनेकांना हौस असते, ती मात्र आवरावी. तो 1979 मध्ये गेला, चित्रपट प्रदर्शित होऊन जवळजवळ तीन वर्षे झाल्यावर.

इथे लक्ष द्यावे ते खोलीत येणाऱ्या माणसांकडे. हा मरणार ही बातमी फुटताच जो तो काहीतरी मागायला येतो. मार्शल तर आनंदाने हसतो. वार्ताहराला त्याची कहाणी छापायची आहे, एका जुन्या मैत्रिणीला लग्न करून त्याच्या नावावर पुस्तक खपवायचे आहे आणि शवपेट्या पुरवणाऱ्याला त्याच्या अंत्यविधीतही धंदा दिसतो. या सगळ्यांत मरणाऱ्या माणसाला माणूस म्हणून वागवते ती घरमालकीण, लॉरेन बकॉलची मिसेस रॉजर्स, आणि तीही सुरुवातीला नाखुशीनेच. त्यांचे संवाद घाईने ओलांडू नयेत. या प्रकारच्या चित्रपटांत बायकांना बहुधा नायकाची वाट अडवायला उभे केलेले असते. ही बाई मात्र वाद घालते, चिडते आणि शेवटी त्याला त्याच्या वाटेने जाऊ देते.

तिचा मुलगा गिलम हा इथला पोर. बुक्सबद्दल त्याला भलते आकर्षण आहे. बुक्स त्याला नेमबाजी शिकवतो आणि सांगतो, की वेग किंवा नेम यांनी निकाल लागत नाही. बहुतेक माणसे चाप ओढण्याआधी क्षणभर कचरतात, मी कचरत नाही. हा धडा ध्यानात ठेवून गुत्त्यातल्या शेवटच्या चकमकीकडे जावे. बुक्सने तिथे तिघांना मुद्दाम बोलावलेले आहे आणि ते तिघेही मरतात. त्याला मारतो तो मात्र पाठीमागून आलेला गुत्तेवाला. गिलम बुक्सचेच पिस्तूल उचलून त्या गुत्तेवाल्याला गोळ्या घालतो, न कचरता. धडा पाठ झाला, असे म्हणायची वेळ येते आणि तेवढ्यात तो हातातल्या पिस्तुलाकडे पाहतो आणि ते फेकून देतो. जमिनीवर पडलेला बुक्स ते पाहतो, मान हलवतो आणि प्राण सोडतो. ही मान हलवण्याची हालचाल अगदी बारीक आहे. ती निसटली, तर चित्रपट सूडाचा वाटतो. म्हणून हा एवढा तुकडा मागे नेऊन दुसऱ्यांदा पाहिला तरी हरकत नाही.

जॉन फोर्डचा ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ (1962) या तिघांमध्ये बसत नाही, पण जोडीला घ्यावा. त्यात बंदूकबाज सुरुवातीलाच मेलेला आहे आणि साध्या पेटीत ठेवलेला आहे. त्याचे बूट कोणीतरी काढून घेतले आहेत, हे लक्षात आल्यावर राजकारणी झालेला त्याचा जुना मित्र संतापतो आणि बूट घालायला लावतो. बंदूक मात्र तिथे कुणाकडेच जात नाही. तिचे श्रेय भलत्याच माणसाकडे गेलेले असते.

एवढे पाहून झाल्यावर क्लिंट ईस्टवुडच्या ‘अनफर्गिव्हन’कडे (1992) वळावे, त्याआधी नको. त्यातला म्हातारा बंदूकबाज विल मनी चिखलात डुकरांच्या मागे धावतो, डब्यावर पिस्तुलाचा नेम लागत नाही म्हणून घरातून दुनळी आणतो आणि घोड्यावर चढताना पुन्हापुन्हा पडतो. स्टीव्हचा चष्मा ज्याने पाहिला आहे त्याला ही दृश्ये ओळखीची वाटतील. त्याच्या सोबतचा पोरगाही आहे, धड लांबचे न दिसणारा आणि बढाईखोर. पहिला माणूस मारल्यावर तो आपले पिस्तूल मनीच्या हाती देऊन टाकतो आणि आपल्याला त्याच्यासारखे व्हायचे नाही असे सांगतो. गिलमने जे केले तेच हा करतो. पण इथे ते पिस्तूल म्हाताऱ्याकडे परत येते आणि म्हातारा ते घेऊन गावात जातो. त्यानंतरचा गोळीबार पाहताना कोणाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, तर त्याने तो प्रसंग गुत्त्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसांच्या नजरेने पुन्हा पाहावा. मनी मरत नाही. शेवटच्या मजकुरात तो मुलांना घेऊन निघून गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोत कापडचोपडाच्या व्यापारात त्याचे बरे चालले होते असे ऐकिवात असल्याचे लिहिले आहे.