‘डीएलएल सापडली नाही’: विंडोजच्या रनटाइम फाइली दुरुस्त करताना या चुका टाळा

नवा प्रोग्रॅम टाकून सुरू करायला जावे आणि स्क्रीनवर संदेश यावा, की ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल’ सापडत नाही, प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करा. बहुतेक वेळा हे काम दहा-पंधरा मिनिटांचे असते. चुकीच्या उपायांनी ते दिवसभर लांबते आणि काही वेळा धडधाकट विंडोजही बिघडते.

सी++ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम सगळी कामे स्वतः करत नाही. मेमरी मागणे, मजकूर हाताळणे, चूक झाल्यास सावरणे यांसाठी तो मायक्रोसॉफ्टच्या सामायिक फाइलींवर, म्हणजे रनटाइमच्या डीएलएलवर, अवलंबून असतो. या फाइली ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ नावाच्या पॅकेजमधून येतात. संदेशात नाव एका फाइलीचे दिसते, पण कॉम्प्युटरवर नसते ते अख्खे पॅकेज.

सुटी डीएलएल उतरवून घेणे

सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक हीच. फाइलीचे नाव शोधले, की ती एकेकटी फुकट देणाऱ्या साइटी लगेच समोर येतात. तिथली फाइल कोणत्या आवृत्तीची, ३२ बिटची की ६४ बिटची, कोणी बदललेली तर नाही ना, याची खात्री कोणीच देत नाही. फाइल अस्सल निघाली तरी काम होत नाही. ‘एमएसव्हीसीपी१४०’ला ‘व्हीसीरनटाइम१४०’ लागते, काही ६४ बिट प्रोग्रॅमना ‘व्हीसीरनटाइम१४०_१’ही लागते. एक टाकली की दुसरीचे नाव येते.

खरा त्रास त्यानंतर सुरू होतो. प्रोग्रॅम सुरू होताना विंडोज अशा फाइली आधी त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधते आणि मग सिस्टीमच्या फोल्डरकडे वळते. तुम्ही प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवलेली जुनी प्रत त्यामुळे कायम पहिली उचलली जाते. पुढे पॅकेज कितीही अद्ययावत केले तरी त्या प्रोग्रॅमला ते दिसतच नाही. अशी फाइल हाताने टाकली असेल तर आधी ती काढा.

‘रेगएसव्हीआर३२’ने डीएलएलची नोंदणी करा, हा सल्लाही सर्रास दिला जातो. ती आज्ञा कॉम (प्रोग्रॅमच्या भागांना एकमेकांना वापरू देणारी मायक्रोसॉफ्टची पद्धत) फाइलींसाठी आहे. रनटाइम फाइलींमध्ये नोंदणीचा प्रवेशबिंदूच नसतो, त्यामुळे तिथे फक्त आणखी एक एरर मिळते.

नवे टाकले म्हणजे जुने आलेच, हा समज

फाइलीच्या नावातला आकडा पॅकेज सांगतो. ‘एमएसव्हीसीआर१००’ म्हणजे २०१० चे पॅकेज, ‘११०’ म्हणजे २०१२ चे, ‘१२०’ म्हणजे २०१३ चे. ‘१४०’ असेल तर २०१५ पासून पुढचे सगळे एकाच पॅकेजात येते, कारण त्या आवृत्त्या परस्परांशी सुसंगत ठेवल्या आहेत. २०१३ आणि त्याआधीचे प्रत्येक पॅकेज मात्र स्वतंत्र आहे. ‘१४०’चे पॅकेज कितीही ताजे असले तरी ‘एमएसव्हीसीआर१२०’ मागणारा प्रोग्रॅम त्यावर चालणार नाही.

म्हणूनच ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’च्या यादीत ही पॅकेजेस आठ-दहा वेळा दिसली तर जागा वाचवण्यासाठी काढून टाकू नका. काही एमबी सुटतील आणि कुठला तरी हिशेबाचा किंवा डिझाइनचा प्रोग्रॅम बंद पडेल.

एक्स८६ की एक्स६४

विंडोज ६४ बिट आहे म्हणून फक्त एक्स६४, म्हणजे ६४ बिटचे, पॅकेज टाकणे पुरेसे नाही. पॅकेज विंडोजप्रमाणे नाही, प्रोग्रॅमप्रमाणे लागते आणि ३२ बिटचे प्रोग्रॅम आजही भरपूर आहेत. ६४ बिट विंडोजवर एक्स८६ (३२ बिटचे) आणि एक्स६४ दोन्ही टाकावीत. ती एकमेकांच्या आड येत नाहीत.

फोल्डरांची नावे इथे फसवतात. ६४ बिट विंडोजमध्ये ‘सिस्टीम३२’ फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या ‘सिसवॉव६४’मध्ये. नावावर विसंबून ३२ बिटची फाइल ‘सिस्टीम३२’मध्ये चिकटवली, की ‘०एक्ससी०००००७बी’ हा कोड येण्याची पाळी येते. या कोडचा बहुतेक वेळा अर्थ असा, की फाइल सापडली, पण ती चुकीच्या बिटची किंवा खराब आहे. ‘०एक्ससी००००१३५’ आला तर फाइल सापडलेलीच नसते.

फाइल आहे, पण जुनी आहे

ही अडचण ओळखायला सर्वांत अवघड, कारण ‘सापडली नाही’ असा संदेश येतच नाही. प्रोग्रॅम क्षणभर उघडतो आणि गप्प बंद होतो. मायक्रोसॉफ्टचा नियम असा आहे, की रनटाइमची आवृत्ती प्रोग्रॅम ज्या साधनांनी बांधला त्यांच्याइतकी तरी नवी हवी. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅम बांधण्याच्या साधनाच्या १७.१० या आवृत्तीपासून एका अंतर्गत रचनेत बदल झाला. त्यामुळे त्यानंतर बांधलेले काही प्रोग्रॅम १४.४० पेक्षा जुन्या ‘एमएसव्हीसीपी१४०’वर कोसळतात.

तपासायचे असे: ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधून ‘ॲप्लिकेशन’मध्ये जा आणि प्रोग्रॅम बंद पडला त्या वेळेची, इव्हेंट आयडी १००० असलेली नोंद शोधा. ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’पुढे ‘एमएसव्हीसीपी१४०’ दिसले तर खाली त्या मॉड्यूलचा मार्गही पाहा. ‘सिस्टीम३२’ किंवा ‘सिसवॉव६४’ असेल तर पॅकेज अद्ययावत करा. प्रोग्रॅमच्याच फोल्डरचा मार्ग असेल तर जुनी प्रत तिथे बसली आहे. ती प्रोग्रॅमसोबतच आली असेल तर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकणे उत्तम. आवृत्ती पाहायला फाइलीवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’.

फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘डी’ असेल, म्हणजे ‘व्हीसीरनटाइम१४०डी’, तर कोणतेही पॅकेज टाकून उपयोग नाही. ती डीबग, म्हणजे चुका शोधण्यासाठीची, प्रत आहे, ती फक्त व्हिज्युअल स्टुडिओसोबत येते आणि वाटायची परवानगीही नसते. प्रोग्रॅम बनवणाऱ्याने चुकून कच्ची बांधणी दिली आहे. त्याच्याकडून रिलीज आवृत्ती मागा.

एसएफसीकडून नको ती अपेक्षा

‘एसएफसी /स्कॅननाऊ’ ही आज्ञा विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासते. व्हिज्युअल सी++ पॅकेज त्यांत मोडत नाही. त्यामुळे ‘काही दोष आढळला नाही’ असे उत्तर आले तरी ‘व्हीसीरनटाइम१४०’ गैरहजर असू शकते. ‘यूसीआरटीबेस’ ही रनटाइम फाइल मात्र विंडोज १० पासून विंडोजचाच भाग आहे, तिची तक्रार असेल तर ही आज्ञा उपयोगी. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी ‘डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रीस्टोअरहेल्थ’ चालवा, मग एसएफसी. दोन्ही आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत. एसएफसी ज्या साठ्यातून चांगली प्रत घेते तो साठा डीआयएसएम दुरुस्त करते, म्हणून हा क्रम.

डायरेक्टएक्स आणि डॉटनेट

‘डी३डीएक्स९_४३’ किंवा ‘एक्सइनपुट१_३’ मागणाऱ्या जुन्या गेमला डायरेक्टएक्स (गेमच्या चित्र-आवाजासाठीचा विंडोजचा फाइलसंच) १२ पुरत नाही. त्या फाइली जून २०१० च्या डायरेक्टएक्स पॅकेजात आहेत. ते पॅकेज चालवल्यावर फोल्डर विचारते आणि फाइली नुसत्या उलगडून ठेवते. बरेच जण इथेच थांबतात. त्या फोल्डरमधले ‘डीएक्ससेटअप’ चालवल्याशिवाय काहीच इन्स्टॉल होत नाही.

डॉटनेट हे मायक्रोसॉफ्टचे आणखी एक रनटाइम, आणि त्यात दोन वेगळी घराणी आहेत. ‘डॉटनेट फ्रेमवर्क’ ४.८ असूनही ३.५ मागणारा प्रोग्रॅम अडू शकतो, ३.५ ‘विंडोज फीचर्स’मधून चालू करावे लागते. दुसरे घराणे नुसते ‘डॉटनेट’ ६, ८ वगैरे. त्यात ६ साठीचा प्रोग्रॅम आपोआप ८ वर चढत नाही, आणि स्क्रीनवर खिडकी उघडणाऱ्या प्रोग्रॅमला साधे नव्हे, ‘डेस्कटॉप रनटाइम’ लागते. काय बसले आहे ते ‘डॉटनेट --लिस्ट-रनटाइम्स’ ही आज्ञा सांगते. ६ ला १२ नोव्हेंबर २०२४ नंतर सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. तेच मागणारा प्रोग्रॅम असेल तर त्याची नवी आवृत्ती आहे का, हे आधी पाहा.

पॅकेज टाकतानाच अडले तर

पॅकेज फक्त मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घ्या. चालवण्याआधी ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘डिजिटल सिग्नेचर्स’मध्ये मायक्रोसॉफ्टचे नाव आहे ना, ते पाहा. ‘०एक्स८००७०६६६’ कोड आला तर घाबरू नका, त्याहून नवी आवृत्ती आधीच बसलेली आहे. तरीही फाइल सापडत नसेल तर ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मध्ये त्या पॅकेजवर ‘मॉडिफाय’ आणि मग ‘रिपेअर’ करा. काढून पुन्हा टाकण्याची गरज क्वचितच पडते. शेवटी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, कारण वापरात असलेली फाइल तोवर बदलत नाही.

एवढ्यानेही प्रोग्रॅम उघडला नाही, तर तो बनवणाऱ्याला नुसता ‘चालत नाही’ असा निरोप पाठवू नका. विंडोजची आवृत्ती, आयडी १००० ची पूर्ण नोंद, त्यातला मॉड्यूलचा मार्ग आणि पॅकेजांची आवृत्तीसह यादी सोबत द्या. प्रोसेसर आर्म (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचा) असेल तर तेही लिहा, कारण तिथे आर्म६४ चे पॅकेज वेगळे लागू शकते.