फोटो पेपरचा काळा-पांढरा डोळ्यानं ठरवताय की मशीननं? या चुका टाळा

मागं परभणीचा एक मित्र बीबी का मकबऱ्याचे दोन प्रिंट घेऊन आला, निगेटिव्ह एकच, एक प्रिंट ग्लॉसी (चकचकीत) फायबरवर (प्लास्टिकचा थर नसलेला फोटो पेपर) अन दुसरा मॅटवर, आणि आल्या आल्या म्हणाला, "भाऊ, हा मॅट पेपर बेकार निघाला, ट्रेमधी काळाभोर दिसायला होता अन वाळला की राखाडी झाला, मशीन बी १.६ च दाखवायलंय." मशीन म्हणजे डेन्सिटोमीटर, प्रिंटचा काळेपणा आकड्यात मोजणारं यंत्र. डार्करूममधे, म्हणजे फोटोचे प्रिंट काढायच्या अंधाऱ्या खोलीत, नवीन येणारा जवळपास प्रत्येक जण हेच म्हणतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओल्या प्रिंटवरून पेपर जोखणं. पावसाळ्यात वेरूळला गेला असाल तर आठवा, भिजलेला दगड कसा काळाकुट्ट दिसतो आणि ऊन पडून वाळला की तोच दगड करडा होतो. दगड तोच असतो, वाळल्यावर त्याचा खरबरीत पृष्ठभाग उजेड चहूकडं उधळतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यात येतो. मॅट पेपरचं अगदी तसंच आहे. डेन्सिटोमीटरवर १.० म्हणजे पडलेल्या उजेडातला १० टक्के परत आला, २.० म्हणजे १ टक्का. चांगला ग्लॉसी पेपर २.० ते २.२ पर्यंत जातो, मॅट १.६-१.७ ला थांबतो म्हणजे दोन-अडीच टक्के उजेड परत येतोच, तो त्याचा स्वभाव आहे, पेपर खराब नाही. दुसरीकडं फायबर पेपरचे उजळ भाग वाळल्यावर थोडे गडद होतात, त्यामुळं ट्रेमधे घुमट अगदी परफेक्ट वाटला तर वाळल्यावर तो मळका निघणार हे धरून चाला, एक्स्पोजर साधारण ८ ते १० टक्के कमी द्या आणि मग टेस्ट करून आपल्या पेपरचा आकडा ठरवा.

दुसरं म्हणजे एक पेपर आज बघायचा, दुसरा चार दिवसांनी, आणि मग म्हणायचं "तो जास्त काळा होता". डोळ्याला असली आठवण राहतच नाही हो, तो समोर जे असेल त्याला लगेच सरावतो. पण दोन तुकडे कडेला कड लावून ठेवा, मग बघा, उजळ भागातला ०.०१-०.०२ चा फरक सुद्धा डोळा पकडतो, जिथं साधं मशीन स्वतःच तेवढं डळमळतं. म्हणून मी शेजारी-शेजारी तुलना डोळ्यानं करतो आणि महिन्यापूर्वीच्या पाकिटाशी तुलना मशीननं. करड्या कार्डाला दोन भोकं पाडून त्यातून बघितलं तर आजूबाजूच्या टोनची फसवणूक पण जाते.

उजेडाची चूक तर सगळेच करतात. बऱ्याच पेपरात ब्रायटनर (पांढरेपणा वाढवणारं रसायन) असतो, तो अतिनील किरणांवर चमकतो, म्हणून खिडकीपाशी पेपर निळसर पांढराशुभ्र आणि रात्री एलईडीखाली पिवळट, कारण साध्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतंच. डेन्सिटोमीटर दोन्ही वेळेला जवळपास तेच सांगणार. इथं आकडा बाजूला ठेवा आणि प्रिंट जिथं लटकणार त्याच उजेडात बघा.

२.१ आणि २.२ साठी भांडत बसू नका. ०.८ टक्के विरुद्ध ०.६ टक्के एवढाच तो फरक. मशीन ४५ अंशातून उजेड टाकून सरळ वरून वाचतं, त्यामुळं पेपरवरची चकाकी त्यात येतच नाही, पण भिंतीवर समोर खिडकी असली की ती चकाकी एवढा फरक कुठल्या कुठं गिळून टाकते.

आता आपल्या मराठवाड्यातली खास भानगड, व्होल्टेज. एन्लार्जरचा (निगेटिव्हमधून पेपरवर उजेड टाकणाऱ्या यंत्राचा) साधा बल्ब व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड जवळपास ३० टक्के कमी देतो, आणि एप्रिल-मेमधे संध्याकाळी कूलर, मोटारी सुरू झाल्या की काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. एक पेपर दुपारी टेस्ट केला अन दुसरा संध्याकाळी, मग दुसरा फिका आला की दोष पेपरला! त्यात डेव्हलपर (पेपरवर चित्र उमटवणारं रसायन) २० अंशाला हवा आणि उन्हाळ्यात नळाचं पाणीच ३० च्या वर. स्टॅबिलायझर लावा, दोन्ही पेपरचे तुकडे एकाच वेळी एकाच ट्रेमधे टाका, आणि त्यात एक पट्टी पूर्ण उजेड दिलेली ठेवा, मशीननं वाचायचा काळा तोच.

पेपरचा पांढरा मळकट वाटला तर आधी सेफलाइट (डार्करूममधला मंद रंगीत दिवा) तपासा. कोऱ्या पेपरवर नाणं ठेवून होत नाही, आधी पेपरला हलका राखाडी येईल एवढा उजेड द्या, मग नाणं ठेवून सेफलाइटखाली ५-७ मिनिटं सोडा. डेव्हलप केल्यावर नाण्याचा गोल दिसला तर पाकीट निर्दोष आहे, लाइट बदला.

मित्राचं म्हणाल तर त्यानं मशीन कमानीतल्या सावलीवर ठेवलं होतं, तिथं पूर्ण काळा नव्हताच. त्याच पाकिटातली पट्टी काढली तर १.६८ आला. मग दोन्ही प्रिंट त्याच्या बैठकीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावले, ग्लॉसीत आम्हाला खिडकीचे गज दिसायले होते आणि मॅटवर मकबरा. मॅट तिथंच राहिला, ग्लॉसी तो आतल्या खोलीत घेऊन गेला.