परवान्याची बंदूक गाडीतून नेताना

निघण्यापूर्वी परवान्यावरचा क्षेत्राचा रकाना वाचा. तिथे फक्त महाराष्ट्र लिहिलं असेल, तर वणीमार्गे सापुताऱ्याला जाताना गुजरातची हद्द लागली की तुमचा परवाना तिथे चालत नाही. आणि हद्द ओलांडल्याचं घाटात लक्षातही येत नाही.

मूळ परवाना जवळच ठेवा. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 19 नुसार पोलीस तो मागू शकतात. बंदुकीवरचा नंबर त्यातल्या नंबराशी घरीच ताडून पाहा.

बंदूक रिकामी करा. डबल बारल (दोन नळ्यांची) असेल तर बिजागरीवर उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतोय ना, ते बघा. मॅगझिनची (गोळ्यांची पेटी लावायची) असेल तर आधी मॅगझिन काढा, मग चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) तपासा. उलट केलं तर बोल्ट (गोळी चेंबरमध्ये ढकलणारा दांडा) ओढताच नवी गोळी आत चढते. शस्त्र नियम 2016 प्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. काडतुसं वेगळ्या डब्यात, परवान्यातल्या मर्यादेतच.

त्र्यंबकेश्वरला दर्शनाला उतरताना गाडीत बंदूक ठेवू नका, कृपा करून. काच फोडायला अर्धा मिनिट पुरतो. निवडणुकीत शस्त्र जमा करण्याचा आदेश असेल, तर प्रवासाला नेऊच नका, थेट ठाण्यात जमा करा.