वाणसामानाचे दर: सरकारी नियंत्रण कुठे चालते आणि ग्राहकाने ते कसे वापरावे

महिन्याच्या वाणसामानाचे बिल वाढले की सरकारने दर बांधून द्यावेत, असे बहुतेकांच्या तोंडून निघते. ही अपेक्षा रास्त आहे. परंतु आपल्या यादीतील फारच थोड्या वस्तूंचे दर सरकार स्वतः ठरवते. काहींच्या बाबतीत ते साठ्यावर किंवा आयात-निर्यातीवर बंधन घालते, आणि उरलेल्या वस्तूंच्या बाबतीत कायदा इतकेच पाहतो की छापील किमतीहून अधिक पैसे घेतले जाऊ नयेत आणि मापात फसवणूक होऊ नये. म्हणून कोणत्या वस्तूचा दर कोण ठरवतो हे आधी समजून घ्यावे. तक्रार कुठे करायची ते त्यावरून ठरते, आणि चुकीच्या कार्यालयात हेलपाटे घालून थकलेला ग्राहक पुन्हा तक्रारीच्या वाटेला जात नाही.

साबण, चहा, बिस्किटे, मसाले अशा पाकीटबंद वस्तूंवरील एमआरपी कंपनी ठरवते, सरकार नव्हे. ती किती असावी याला बहुधा बंधन नसते. मात्र एकदा छापली की सर्व करांसह तीच कमाल किंमत असते आणि तिच्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. थंड दुधाच्या पिशवीवर किंवा शीतपेयाच्या बाटलीवर ‘कूलिंगचे’ म्हणून दोन रुपये जादा घेण्याची पद्धत कित्येक दुकानांत रुळली आहे, आणि रक्कम लहान म्हणून आपण ती मुकाट्याने देतो. ती बेकायदा आहे, हे दुकानदाराला शांतपणे पण स्पष्टपणे सांगावे. किंमत कमी झाली असेल तर नवे लेबल लावता येते, पण त्याखाली मूळ किंमत झाकता येत नाही; दुकानदाराने वाढीव किमतीचे लेबल चिकटवले असेल तर त्या पाकिटाचे छायाचित्र लगेच काढून ठेवावे. एकाच वस्तूच्या एकसारख्या पाकिटावर मॉलमध्ये एक आणि गल्लीतल्या दुकानात दुसरी एमआरपी छापणे हेही २०१८ पासून निषिद्ध आहे. बसून खाण्याच्या हॉटेलांना मात्र छापील किमतीहून जास्त न घेण्याचा नियम तसाच लागू होत नाही, कारण तेथे सेवाही दिली जाते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले आहे.

खरी महागाई पुष्कळदा किमतीत दिसतच नाही, ती वजनात लपलेली असते. पूर्वी चहा, बिस्किटे, खाद्यतेल अशा काही वस्तू ठरावीक वजनाच्याच पाकिटांत विकण्याची सक्ती होती. ती उठल्यानंतर कंपन्यांना कोणत्याही वजनाचे पाकीट काढता येते, आणि दहा रुपयांचा पुडा दहा रुपयांचाच राहून आतला माल घटत जातो. यावर उपाय म्हणून वेष्टनावर ‘युनिट सेल प्राइस’, म्हणजे एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर, छापणे बंधनकारक करण्यात आले आहे. तो आकडा एमआरपीच्या आसपास, बारीक अक्षरांत असतो आणि खरेदी करताना सर्वप्रथम तोच वाचावा, असा माझा आग्रह आहे. एक अडचण लक्षात ठेवावी. किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर दर ग्रॅमचा असतो आणि मोठ्या पाकिटावर किलोचा, त्यामुळे दोन्हींची तुलना करताना ग्रॅमच्या दराला हजाराने गुणावे लागते. समजा, २५० ग्रॅम चहाच्या पुड्यावर ग्रॅमला ०.५६ रुपये लिहिले आहेत आणि दीड किलोच्या पाकिटावर किलोला ५८० रुपये. तर लहान पुडा किलोला ५६० रुपयांनी पडतो, म्हणजे मोठे पाकीट स्वस्त ही समजूत तेथे खोटी ठरते.

तेलाच्या बाबतीत आणखी सावध राहावे. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. पिशवीवर लिटर आणि ग्रॅम असे दोन्ही आकडे असतात, त्यांतील ग्रॅमचाच आकडा धरून दराची तुलना करावी. तापमान वाढले की तेल प्रसरण पावते, त्यामुळे चढ्या तापमानाचा उल्लेख करून लिटर पूर्ण दाखवता येतो आणि वजन मात्र कमी भरते. तापमानाचा उल्लेख न करता प्रमाण छापावे, असे केंद्राने २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितले, ते याच कारणासाठी.

सुट्या मालाला एमआरपी नसते, म्हणून तेथे काट्याकडे पाहावे. काट्याचा आकडा ग्राहकाला दिसला पाहिजे, वस्तू ठेवण्यापूर्वी तो शून्यावर असला पाहिजे, आणि मिठाई घेताना खोक्याचे वजन वगळले गेले पाहिजे. सणासुदीच्या गर्दीत हे सांगायला संकोच वाटतो, तरी सांगावे. जड पुठ्ठ्याचे खोके मिठाईच्या भावाने घेण्याचे काहीच कारण नाही.

दर थेट सरकारच्या हाती असतो तो रेशनवर. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय (अतिगरीब कुटुंबाच्या) कार्डाला ३५ किलो धान्य मिळते व जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अंगठा लावल्यावर यंत्रातून निघणारी पावती मागून घ्यावी आणि त्यावरील वजन हातातल्या धान्याशी ताडून पाहावे. पावती देत नसतील किंवा धान्य कमी देत असतील तर १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असावा लागतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते, त्यात हे मिळवून घरी आणणाऱ्याच्या काट्यावर वजन करून घ्यावे. बिलात पोहोचवण्याचा आकार आधीच धरलेला असतो, त्यामुळे वर मागितले जाणारे वीस-तीस रुपये देण्याचे बंधन नाही. या तक्रारीसाठी १८००-२३३३-५५५ हा क्रमांक आहे.

औषधांचे दर-नियंत्रण सर्वांत काटेकोर आहे आणि दुर्दैवाने सर्वांत कमी वापरले जाते. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार आवश्यक औषधांच्या यादीतील औषधांना राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण कमाल दर ठरवून देते. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनीला वर्षभरात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. रक्तदाब किंवा मधुमेहाची गोळी दरमहा लागत असेल तर ‘फार्मा सही दाम’ या ॲपवर तिचा कमाल दर पाहून घ्यावा आणि जुनी बिले जपून ठेवावीत, म्हणजे वाढ किती झाली हे पुराव्यासह दाखवता येते.

डाळ आणि कांदा यांच्या बाबतीत सरकार किरकोळ दर क्वचितच बांधते. जून २०२३ मध्ये तूर, उडीद व गहू यांच्यावर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली साठामर्यादा आली, जुलैमध्ये ६० रुपये किलोने सरकारच्या ‘भारत’ ब्रँडची हरभराडाळ आली. अशी विक्री सुरू असेल तेव्हा ती जरूर घ्यावी. कांद्याचे मात्र वेगळे आहे. डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीने शहरातला दर आवरला, पण लासलगावच्या बाजारात शेतकऱ्याला त्याची झळ बसली, आणि शेतकऱ्याने मोजलेली ही किंमत विसरून मला त्या नियंत्रणाची भलामण करवत नाही. जागा असेल त्या कुटुंबाने एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा थेट शेतकऱ्याकडून घेऊन हवेशीर ठिकाणी पसरून ठेवावा. लाल कांदा असा टिकत नाही.

जादा दराची तक्रार करायची तर बिल आणि वेष्टनावरील किमतीचे छायाचित्र ही दोन्ही हवीत. जादा एमआरपी व मापाच्या तक्रारी जिल्ह्यातील वैध मापन शास्त्र (वजन-मापे तपासणाऱ्या) कार्यालयाकडे द्याव्यात, कारण दंडाची कारवाई तेच करू शकते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन कंपनीशी मध्यस्थी करते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे यांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तो लाभ मिळाला नसेल तर याच हेल्पलाइनला कळवता येते. एवढ्यानेही दाद मिळाली नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तेथे शुल्क लागत नाही आणि वकील देण्याचीही सक्ती नाही.